गोष्टीला फाटे फोडायला शिकवताना

पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत काही जुन्या वास्तूंवर पुराच्या पाण्याची खूण अजून दाखवतात. 12 जुलै 1961 ची. त्या दिवशी सकाळी अंबी नदीवरचं पानशेतचं धरण फुटलं. धरण नवंकोरं, पहिल्याच पावसाळ्यात पाणी अडवलेलं. लोंढा मुठेत उतरला. खडकवासला धरणाच्या एकोणिसाव्या शतकातल्या दगडी भिंतीने काही वेळ तग धरला, मग तीही गेली आणि भर दिवसा शहरात पाणी शिरलं. एवढा मजकूर एका फलकावर आरामात बसतो. येणारा-जाणारा तो वाचतो, निदान वाचल्यासारखं करतो, फोटो काढतो आणि पुढे जातो.

आता त्याच खुणेपाशी उभं राहून फोनवर हे वाचा:

“तू बारा वर्षांचा आहेस. नारायण पेठेत एका वाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत राहतोस. गल्लीत ओरडा चाललाय, धरण फुटलं. आई म्हणते, धान्याचे डबे माळ्यावर चढव आधी. मधू म्हणतो, चल रे, सगळे लकडी पुलावर पूर बघायला निघालेत. काय करतोस?”

खाली दोन ओळी आहेत, दोन्हींपैकी एक दाबायची. दाबल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. आणि दाबताना क्षणभर का होईना, माणूस मान वर करून गल्लीकडे बघतो: नदी कुठल्या बाजूला असेल? पाणी कुठून आलं असेल?

वाचनालयं, छोटी संग्रहालयं, स्थानिक इतिहास मंडळं, शाळा, ज्येष्ठ नागरिक संघ यांना अशा गोष्टी स्वतः रचायला शिकवता येतं. जगभर अनेक ठिकाणी ते होतंय. सोयीसाठी हिला ‘खेळकथा’ म्हणू. तिच्यात तीन गोष्टी एकत्र येतात. ती एका ठरावीक जागेशी बांधलेली असते, म्हणजे घरी सोफ्यावर बसून खेळता आली तर ती या जातीची नव्हे. तिच्यात वाचणाऱ्याला निवड करावी लागते आणि त्या निवडीने पुढचं काही बदलतं. आणि तिला खेळासारखे नियम असतात. खेळकर म्हणजे विनोदी असं मात्र नाही. लहान मुलं घरघर खेळताना किती गंभीर असतात ते आठवा.

यातलं बरंचसं आपल्याकडे फार जुनं आहे. महानुभाव पंथात चक्रधरस्वामींच्या लीळा जिथे जिथे घडल्या त्या जागांची नोंद ठेवणारी स्थानपोथी आहे, साधारण चौदाव्या शतकातली मानतात. गावाच्या कोणत्या दिशेला कोणतं देऊळ, त्याचं दार कुठल्या बाजूला, स्वामी बसले ते नेमकं कुठे, अशा नोंदी. आजही त्या जागांवर ओटे आहेत आणि भाविक एकेका ओट्यापाशी थांबून ती ती लीळा आठवतात. जागा आहे, गोष्ट आहे, चालत येणारा माणूस आहे. निवड तेवढी नाही, आणि धर्मग्रंथात ती असण्याचं कारणही नाही.

निवडीची भर घातली ती संगणकाने, आणि तीही गंमत म्हणजे एका खऱ्याखुऱ्या जागेपासूनच. अमेरिकेत विल क्राउदर नावाचा प्रोग्रॅमर होता. त्याला गुहा धुंडाळायचा नाद. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या अजस्र गुहेच्या एका भागाचे नकाशे करण्यात त्याचा हात होता. 1975-76 च्या सुमारास त्याने आपल्या मुलींसाठी एक खेळ लिहिला. चित्रं नाहीत, नुसता मजकूर. संगणक सांगणार, तू अमुक खोलीत आहेस, उत्तरेला वाट आहे. तुम्ही टाइप करणार, उत्तरेला जा. पुढे 1977 मध्ये डॉन वूड्स याने त्यात भर घातली आणि तो खेळ विद्यापीठांतल्या संगणकांवर पसरला. हा खेळ पाठ झालेल्या एका व्यक्तीला प्रत्यक्ष गुहेत नेलं तर ती वाटा ओळखू लागली, असा किस्सा सांगतात. किस्सा थोडा वाढवलेला असेलही, पण खेळातली वर्णनं खऱ्या गुहेवरून घेतलेली होती यात शंका नाही.

आणखी दोन उदाहरणं सांगतो, कारण ती मुद्दाम संस्थांना दाखवण्यासारखी आहेत. टोरांटोच्या केन्सिंग्टन मार्केट भागात 2003 साली ‘मर्मर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. खांबांवर हिरव्या कानाच्या आकाराच्या पाट्या, त्यावर फोन नंबर आणि त्या जागेचा क्रमांक. तुम्ही आपल्या साध्या फोनवरून नंबर फिरवायचा आणि त्याच कोपऱ्यावर घडलेली गोष्ट तिथल्याच एखाद्या रहिवाशाच्या तोंडून ऐकायची. स्मार्टफोन घरोघरी पोचायच्या आधीची ही गोष्ट. दुसरं उदाहरण न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या इमारतीला शंभर वर्षं झाली म्हणून मे 2011 मध्ये त्यांनी पाचशे लोकांना रात्रभर इमारतीत कोंडून घेतलं. खेळ जेन मॅकगॉनिगल यांनी रचला होता. संग्रहातल्या शंभर वस्तू शोधायच्या आणि प्रत्येकीवरून सुचलेलं काहीतरी लिहायचं. सकाळपर्यंत त्या लिखाणाचं पुस्तक तयार झालं आणि ते ग्रंथालयातच ठेवलं गेलं. पहिल्यात खर्च जवळपास पाट्यांचा, दुसऱ्यात मोठ्या संस्थेची ताकद. पण दोन्हींत संस्थेने एक गोष्ट केली: बोलणं थोडं कमी केलं.

आणि शिकवण्यातली खरी अडचण हीच आहे. तंत्रज्ञान नाही.

महाराष्ट्रात 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. काही फार जुनी आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं. अशा ठिकाणच्या ग्रंथपालांकडे, जुन्या सभासदांकडे, कपाटातल्या दिवाळी अंकांत आणि शतसांवत्सरिक स्मरणिकांत गावाबद्दलचा एवढा ऐवज असतो की तो कुठे ठेवू आणि कुठे नको असं होतं. आणि नेमकं तेच आड येतं. ज्याला खूप माहीत असतं त्याला सगळं सांगावंसं वाटतं. खेळकथा रचणाऱ्याला मात्र सांगायचं थोडं असतं आणि विचारायचं फार.

म्हणून शिकवताना पहिल्या दिवशी संगणक बंद. टेबलावर कागदाच्या चिठ्ठ्या, पेनं, दोरा आणि टाचण्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक प्रसंग, पन्नास-साठ शब्दांत. चिठ्ठी संपताना वाचणाऱ्याला काहीतरी ठरवावं लागलं पाहिजे. बस्स, एवढाच नियम.

एका गटात निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांची पहिली चिठ्ठी पानभर होती. धरणाची जागा, नद्यांचे संगम, पुराची कारणं, सगळं शुद्धलेखनासकट चोख. त्यांनी ती मोठ्याने वाचली. टेबलाशी बसलेला नववीतला मुलगा शांतपणे म्हणाला, “बाई, सगळं कळलं. पण मग मी काय करू?”

“तू काय करणार? तू वाच.”

“वाचलं ना. आता पाणी येतंय. मी कुठे पळू?”

बाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग चिठ्ठी उलटी करून मागे लिहिलं: “पाणी उंबऱ्याला लागलं. आजी म्हणते, देवघर सोडून मी येणार नाही.” आणि खाली दोन रेघा ओढल्या. तोपर्यंत मी जे समजावत होतो ते त्या एका चिठ्ठीने माझ्यापेक्षा चांगलं समजावलं.

आजीच्या प्रसंगात निवड खरी आहे, कारण दोन्ही बाजूंना काहीतरी गमवावं लागतं. आजीला उचलून न्यायचं तर तिचा शब्द मोडायचा, थांबायचं तर पाणी वाढतंय. याच्या उलट “तुम्हाला पुढे जायचं आहे का? हो / नाही” ही निवड नव्हे. नाही म्हणून माणूस जाणार कुठे? आणि “पानशेतचं धरण कोणत्या नदीवर आहे? अ, ब, क, ड” हीसुद्धा निवड नव्हे. आपल्या संस्थांना प्रश्नमंजुषेचं भारी प्रेम. खेळ म्हटला की पहिली सूचना तीच येते, वर बक्षीस म्हणून पेन. प्रश्नमंजुषेचं आपल्या जागी काही वाईट नाही, पण तिच्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि ते संस्थेच्या खिशात असतं. खेळणारा फक्त ते ओळखतो. माझ्या मते कार्यशाळेच्या पहिल्या तासात प्रश्नमंजुषा हा शब्द काढायलाच बंदी असावी.

चिठ्ठ्या भिंतीवर लागल्या, दोरे ताणले की दुसरी अडचण समोर येते, ती गणिताची. पहिल्या चिठ्ठीला दोन फाटे. त्या प्रत्येकाला दोन, म्हणजे चार. मग आठ, सोळा, बत्तीस. पाच वेळा निवड दिली की बत्तीस शेवट आणि एकूण 63 चिठ्ठ्या. खेळणारा त्यातल्या फक्त सहा वाचणार. बाकीच्या 57 लिहिण्यात ज्यांच्या रात्री गेल्या ते स्वयंसेवक पुन्हा तोंड दाखवणार नाहीत.

यावर उपाय जुना आणि सोपा आहे. नदी बेटापाशी दुभंगते आणि बेट ओलांडलं की पुन्हा एक होते, तसे फाटे परत मिळू द्यायचे. पूर बघायला पुलावर गेलात काय किंवा माळ्यावर डबे चढवलेत काय, थोड्या वेळाने पाणी गल्लीत येणारच आहे. ती चिठ्ठी दोघांना सारखीच. मग निवडीला अर्थ काय उरला? तर गोष्ट लक्षात ठेवते. डबे वर चढवले होते का, आजीला बरोबर घेतलं का, मधू कुठे आहे, या तीन गोष्टी तिने नोंदवून ठेवल्या आणि रात्री शाळेच्या वर्गात आसरा घेतल्यावर त्यांचा हिशोब केला, की पंधरा-वीस चिठ्ठ्यांतही खेळणाऱ्याला आपली वाट आपली वाटते. कागदावर खेळताना हे लक्षात ठेवायला शर्टाच्या गुंड्या किंवा चिंचोके पुरतात. खेळणाऱ्याच्या हातात गुंडी आहे, म्हणजे आजी बरोबर आहे.

हा कागदी खेळ दोनदा-तीनदा नीट चालला, की मगच संगणक उघडायचा. साधन म्हणून मी ट्वाइन सुचवतो. ख्रिस क्लाइमस यांनी 2009 मध्ये ते आणलं, फुकट आहे, आणि देवनागरी त्यात बिनतक्रार चालते. पडद्यावर चौकोन दिसतात. एक चौकोन म्हणजे एक चिठ्ठी. मजकुरात कुठेही दुहेरी चौकटी कंसात [[पुलावर जा]] असं लिहिलं की त्या नावाचा नवा चौकोन आपोआप तयार होतो आणि दोघांमध्ये बाण येतो. भिंतीवर दोऱ्याने जे केलं तेच पडद्यावर. ‘डबे चढवले’ असल्या नोंदी ठेवायला थोडी सूत्रं शिकावी लागतात, ती दुपारभरात येतात. शेवटी सगळी गोष्ट एका एचटीएमएल फाइलमध्ये बाहेर पडते आणि कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. संस्थेच्या संकेतस्थळावर ती चढवायची आणि तिचा क्यूआर कोड छापून दाराशी लावायचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फाइल धाडायचा मोह टाळा, काही फोनांवर ती नीट उघडत नाही आणि मग आजोबा नातवाला रागावतात.

पण फाइल तयार झाली म्हणजे गोष्ट जागेला बांधली गेली असं नाही. कोणी ती नागपुरात बसून खेळू शकतो. तिला जागेची गाठ मारायची तर काय करायचं?

सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा जीपीएस येतं. मोकळ्या मैदानात फोनचं जीपीएस पाचेक मीटरपर्यंत अचूक सांगतं. पण अरुंद गल्लीत, दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की उपग्रहाचा संकेत भिंतींवरून आपटून येतो आणि फोन तुम्हाला शेजारच्या बोळात उभं करतो. पेठेत चार घरांनी चूक म्हणजे वेगळीच गोष्ट. त्यापेक्षा साधं कुलूप बरं. पुढची चिठ्ठी उघडण्यासाठी असं काही विचारा की ज्याचं उत्तर तिथे उभं राहूनच दिसेल. घाटाच्या पायऱ्या किती? दगडात कोरलेल्या लेखाच्या दुसऱ्या ओळीतला पहिला शब्द कोणता? दारावरच्या गणेशपट्टीत गणपतीची सोंड कुठे वळलीय? हे प्रश्न दिसतात प्रश्नमंजुषेसारखे, पण त्यांचं काम वेगळं. ते माणसाला बघायला लावतात, आणि बघितलेलं गोष्टीत पुढे उपयोगी पडलं पाहिजे. पायऱ्या मोजल्या, तर पुढच्या चिठ्ठीत पाणी त्यातल्या कितव्या पायरीवर आहे ते यावं. एक इशारा मात्र. वाड्याच्या चौकटीवर कुलूप बसवू नका. पुढच्या वर्षी तिथे पार्किंग असेल. देऊळ, पूल, घाट, सरकारी इमारत ही त्यातल्या त्यात टिकणारी.

आणि रस्त्याचं भान. पुण्यात फोनमध्ये मान घालून चालणं म्हणजे काय हे सांगायला नको. म्हणून प्रत्येक चिठ्ठी थांबून वाचायची असते आणि मजकुरातच तसं लिहायचं: “फोन खिशात ठेव. डाव्या हाताने देवळापर्यंत ये. कट्ट्यावर बस.” सगळा फेरफटका एक किलोमीटरच्या आत, पाऊण तासाच्या आत. वाटेत सावली कुठे आहे, गुडघे दुखणाऱ्यांना बसायला काय आहे, बायकांना स्वच्छतागृह कुठे मिळेल, हे गोष्ट लिहायच्या आधी पायी फिरून बघायचं. आखणी करणाऱ्यांत एक सत्तरीची बाई आणि एक शाळकरी पोर असलं की यातल्या निम्म्या गोष्टी आपोआप कळतात.

आता अवघड भाग. पानशेतच्या पुरात सुमारे हजार माणसं गेली असं मानतात. हजारोंची घरं गेली. सहकारनगर, गोखलेनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं ते लोक अजून आहेत. त्यावर खेळ?

करता येतो, पण काही गोष्टी सांभाळून. गुण देऊ नका. “शाब्बास, तुम्ही पाच जणांना वाचवलंत” हे वाक्य कुठल्याही चिठ्ठीवर दिसलं तर ती फाडायची. खेळणाऱ्याला शहर वाचवणारा वीर करू नका. तसं कोणी नव्हतं. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात जेवढं होतं तेवढंच त्याच्या हातात द्या. खऱ्या माणसांना नावानिशी पात्र करू नका. पाच जणांच्या आठवणींतून एक घर उभं करा. आणि दोन आठवणी एकमेकींशी जुळत नसतील तर त्यांचं एकमत करायला जाऊ नका. एक आजी म्हणते, पाणी हळूहळू चढत आलं, आम्ही बोचकी बांधली. तिच्याच आळीतले काका म्हणतात, छे हो, भिंत आल्यासारखं आलं, वेळच नव्हता. दोघंही खरं बोलत असतील. घर उंचावर की उतारावर यावरही असतं ते. फलकाला यातलं एक निवडावं लागतं. खेळकथेत दोन्ही ठेवता येतात: कोणाचं ऐकून बाहेर पडायचं ते खेळणाऱ्याने ठरवावं. माझ्या दृष्टीने या प्रकाराचं सगळ्यात मोठं बळ हे आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकांना ते पटवून देणं सगळ्यात जास्त कठीण जातं. त्यांचंही बरोबर आहे. म्हणून शेवटच्या चिठ्ठीवर कोणता भाग कागदपत्रांतला, कोणता आठवणीतला आणि कोणता रचलेला ते सरळ सांगून टाकायचं.

पानशेत त्या मानाने सोपं. दुसरं उदाहरण घ्या. 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. तेव्हाची गंज पेठ म्हणजे आजची महात्मा फुले पेठ. वाडा आजही उभा आहे, लोक तिथे जातात. यावर खेळकथा करावीशी वाटणं स्वाभाविक आहे. पण “तू अस्पृश्य आहेस, तुला तहान लागलीय” अशी सुरुवात वरच्या जातीतल्या कार्यकारी मंडळाने लिहायची आणि सहलीला आलेल्या मुलांनी पाच मिनिटं अस्पृश्य होऊन बघायचं, हे मला बरं वाटत नाही. सहानुभूतीच्या नावाखाली तो दुसऱ्याच्या दुःखाचा पोशाख घालून बघण्याचा प्रकार होतो. भूमिका शेजाऱ्याची द्या ना. आळीत कुजबुज चाललीय, उद्या भावकी विचारणार आहे की त्या घराशी तुमचं येणं-जाणं ठेवणार का. त्याला काय उत्तर देशील? हा प्रश्न आजच्या खेळणाऱ्यालाही टोचतो. आणि हौदावर पाणी भरायला आलेल्यांची बाजू लिहायची असेल, तर ज्यांच्या घरात तो इतिहास आहे त्यांना आधी टेबलाशी बोलवा. मजकूर तपासायला नव्हे, लिहायला.

जागेची परवानगी हाही असाच विषय. 2016 च्या जुलैमध्ये पोकेमॉन गो हा खऱ्या जागांवर फिरत फोनवर खेळायचा खेळ आला तेव्हा वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयाला लोकांना सांगावं लागलं की कृपा करून इथे खेळू नका. खेळ करणाऱ्या कंपनीने नकाशावरची ठिकाणं घेतली होती. त्या ठिकाणांना विचारलं नव्हतं. स्थानिक संस्थेची जमेची बाजू अशी की तिला विचारता येतं. पुजाऱ्यांना, दुकानदाराला, सोसायटीच्या अध्यक्षांना भेटून सांगायचं की लोक येतील, तुमच्या कट्ट्यावर पाच मिनिटं बसतील. बहुतेक जण हो म्हणतात आणि वर स्वतःची एक गोष्ट सांगतात. ज्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करता त्यांच्याकडून कुठे आणि कशासाठी वापरणार ते लिहून घ्या, आणि घरातल्या अल्बममधला फोटो घेतलात तर तो परत नेऊन द्यायचा दिवसही ठरवा. फोटो परत आला नाही की त्या घरातून पुढची आठवण मिळत नाही.

टिकण्याबद्दल थोडं. विसाव्या शतकाच्या शेवटापासून पुढे संग्रहालयांनी फ्लॅश या ब्राउझरमध्ये खेळ चालवणाऱ्या तंत्रावर मोठ्या हौसेने खेळ करून घेतले. 31 डिसेंबर 2020 ला अडोबीने फ्लॅशचा आधार काढला आणि त्यातले बरेचसे उघडेनासे झाले. त्यामुळे कोणी “आम्ही तुम्हाला अ‍ॅप करून देतो” म्हणत आलं तर पहिला प्रश्न विचारा, पाच वर्षांनी हे कोण दुरुस्त करणार? एचटीएमएल फाइल त्या मानाने चिवट. तिची एक प्रत संस्थेच्या संगणकात, एक पेनड्राइव्हवर, आणि सगळ्या चिठ्ठ्यांची छापील वही कपाटात. ग्रंथपालांना हे समजावायला वेळ लागत नाही: पुस्तकाला देता तसा तिलाही दाखल क्रमांक द्या, म्हणजे पुढच्या कार्यकारी मंडळाला ती सापडेल.

दाखल करण्याआधी एक परीक्षा. या कामाशी काडीचा संबंध नसलेली दोन माणसं शोधा, शक्यतो एकमेकांशी बोलणारी. भाजी आणायला निघालेलं जोडपं चालेल, कॉलेजातली मुलं चालतील. फोन त्यांच्या हातात द्या आणि त्यांच्या मागे दहा पावलांवरून चाला. तोंड उघडायचं नाही. ते चुकीच्या गल्लीत वळले तरी नाही. कुठे थांबले, कुठला शब्द दोनदा वाचला, कुठे कंटाळून फोन खाली केला, फक्त लिहून घ्यायचं. रचणाऱ्यांना हा अर्धा तास फार जड जातो, प्रत्येक वळणावर “अहो, तिकडे नाही!” जिभेवर येतं. पण ज्या चिठ्ठीपाशी ते अडले ती चिठ्ठी बदलायची, माणसं नाही. मग दुसऱ्या दिवशी दुसरं जोडपं. आणि कधीतरी कट्ट्यावर बसलेले दोघं आपसात वाद घालताना ऐकू येतील, “अगं, आजीला आधी उचलायला हवं होतं,” “आणि डबे कोणी चढवायचे?” मग वही मिटा आणि फाइल दाखल करून घ्या.